प्रसूतिगृहातील गुरुकुल



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, ते आम्हांला गणित शिकवीत. तोंडी उत्तरात 'अंदाजे' हा शब्द आला की ते पाटी परत देत आणि म्हणत, 'आधी मोज, मग सांग.' त्यांच्या नावाने बोलावयास उभा राहताना मी विषय निवडला आहे तो प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगशास्त्र या शाखेतील निवासी डॉक्टरांच्या शिक्षणाचा. आयुष्यभर मराठी शिकविलेल्या माणसाने वैद्यकाच्या अंगणात पाऊल का टाकावे, असे आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याची कारणे दोन असून दोन्ही घरचीच आहेत.

पहिले कारण माझी आत्या. मी सात-आठ वर्षांचा असताना, म्हणजे १९५०च्या दशकाच्या अखेरीस, ती पहिल्या बाळंतपणासाठी निपाणीजवळच्या आमच्या खेड्यात माहेरी आली होती. मुलगा झाला. घरोघर साखर वाटली गेली. तासाभराने आत्याला दरदरून घाम फुटला, हातपाय गार पडू लागले. सुईणीने अंथरुणाकडे पाहून सांगितले, 'लई रगात न्हाई गेलं. भोवळ आलीया, गूळपाणी द्या.' पुढे बैलगाडी जुंपली गेली, पण निपाणी गाठण्यापूर्वीच आत्या गेली. त्या सुईणीला आमच्या घराने त्यानंतर उंबऱ्याच्या आत घेतले नाही. मीही तिला कित्येक वर्षे अपराधीच समजत होतो.

दुसरे कारण माझी नात. तिने नुकतेच एका मोठ्या रुग्णालयातून या शाखेचे पदव्युत्तर शिक्षण पुरे केले. त्या तीन वर्षांत तिच्याकडून जे ऐकले आणि त्या ओढीने जे वाचले, त्यामुळे सुईणीविषयीचे माझे मत मला बदलावे लागले. ते कसे, हे यथाक्रम सांगतो.

'निवासी' या शब्दाचा अर्थ

एम.बी.बी.एस. झालेला मनुष्य डॉक्टर होतो; स्त्रीरोगतज्ज्ञ व्हावयास त्याला पुन्हा प्रवेशपरीक्षा देऊन एम.डी. किंवा एम.एस. हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. या तीन वर्षांत त्याला 'निवासी डॉक्टर' म्हणतात. हा शब्द मुळात अक्षरशः खरा होता. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तेथे विल्यम हॉल्स्टेड या शल्यविशारदाने शिकाऊ डॉक्टरांना रुग्णालयातच वास्तव्यास ठेवून, वर्षागणिक चढती जबाबदारी त्यांच्यावर सोपविण्याची पद्धत बसविली. आपल्याकडील जुन्या पिढीचे डॉक्टर 'हाऊसमन' आणि 'रजिस्ट्रार' हे शब्द वापरीत. नावे निराळी असली तरी मर्म एकच. भाषेच्या अभ्यासकाला येथे 'अंतेवासी' हा आपला जुना शब्द आठवल्यावाचून राहत नाही. गुरूच्या निकट राहून शिकणारा तो अंतेवासी. ग्रंथ घरी बसून वाचता येतो; रात्री दोन वाजता अडलेल्या बाईजवळ काय करावे, हे तेथे हजर असल्यावाचून शिकता येत नाही.

आपल्या मुलखाचा या शाखेशी असलेला संबंध जुना आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. पदवी घेतली, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. त्यांची नेमणूक झाली होती ती कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागावर. निपाणीपासून हे अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले आणि ती जागा त्यांच्यावाचून राहिली. दुसरे नाव डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचे. जन्म गोव्यातील शिरोड्याचा, शालेय शिक्षण हुबळीचे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९२७ साली ते एम.डी. झाले आणि पुढे तेथेच प्राध्यापक झाले. गर्भाशयाचे मुख अकाली सैल होऊन ज्या स्त्रियांचे गर्भ वारंवार पडतात, त्यांच्यासाठी त्यांनी मांडीतील आवरणपेशींची पट्टी काढून ते मुख बांधण्याची शस्त्रक्रिया योजिली व १९५५ साली प्रसिद्ध केली. 'शिरोडकर टाका' या नावाने ती जगभरच्या ग्रंथांत आहे. बेळगावात १९६३ साली केएलई संस्थेने जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय काढले. पुढे जिल्हा रुग्णालयाला जोडून सरकारी महाविद्यालयही झाले. आज निपाणीची अडलेली बाई उत्तरेस कोल्हापूरला जावो वा दक्षिणेस बेळगावला, तिच्याजवळ प्रथम पोहोचणारा डॉक्टर बहुधा निवासीच असतो.

तीन वर्षांच्या पायऱ्या

रुग्णालयातील प्रसूतिविभाग युनिटांत वाटलेला असतो. प्रत्येक युनिटाचा बाह्यरुग्ण तपासणीचा वार ठरलेला, शस्त्रक्रियेचा वार ठरलेला आणि तातडीचे रुग्ण घेण्याचा वारही ठरलेला. या तिसऱ्या वाराला दिवस आणि रात्र हा भेद उरत नाही.

पहिल्या वर्षीचा निवासी मुख्यतः हात, कान आणि लेखणी चालवावयास शिकतो. पोटावर हात ठेवून बाळाचे डोके कोठे आहे, पाठ कोणत्या अंगाला आहे, हे तो ओळखतो. दहा मिनिटांत कळा किती आल्या व प्रत्येक किती वेळ टिकली, हे घड्याळ समोर ठेवून मोजतो. बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सामान्यतः ११० ते १६० असतात. कळ ओसरताना ते घसरतात काय, हे ऐकतो. या साऱ्या नोंदी एका आलेखावर चढतात. त्याचा पाया फिलपॉट आणि कॅसल या दोन डॉक्टरांनी आजच्या झिंबाब्वेत काम करताना १९७२ साली घातला. प्रसूती रेंगाळत असेल तर आलेखाची रेषा इशाऱ्याची रेघ ओलांडते आणि ज्याला अनुभव नाही त्यालाही धोका दिसू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली या तक्त्याचे नवे रूप प्रसिद्ध केले. साधी प्रसूती करणे, वार पूर्ण पडली की नाही हे ती हातात घेऊन पाहणे, फाटलेला भाग शिवणे, सिझेरियनच्या वेळी वरिष्ठांना मदत करणे, ही सारी पहिल्या वर्षाची कामे होत.

दुसऱ्या वर्षी वरिष्ठांच्या देखरेखीखाली सिझेरियन स्वतः करावयास मिळते. चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून बाळ बाहेर घेणे, गर्भपाताच्या गुंतागुंती सांभाळणे, हेही याच काळात येते. तिसऱ्या वर्षी गर्भाशय काढण्यासारख्या मोठ्या शस्त्रक्रिया येतात. परंतु खरा बदल जबाबदारीचा असतो. पहिल्या वर्षाचा मुलगा धावत येऊन सांगतो, 'मॅडम, प्रगती थांबली आहे.' आता शस्त्रक्रिया करावयाची की आणखी दोन तास वाट पाहावयाची, हे तिसऱ्या वर्षाच्या डॉक्टरला ठरवावे लागते आणि गरज पडताच प्राध्यापकांना मध्यरात्री उठवावे लागते. केव्हा उठवावे हे कळणे, हाही या शिक्षणाचाच भाग आहे. संकोचापायी न केलेला एक दूरध्वनी बाईच्या जिवावर बेतू शकतो.

याच्या जोडीला शोधप्रबंध लिहावा लागतो, केलेल्या व पाहिलेल्या प्रत्येक कामाची नोंदवही ठेवावी लागते आणि अखेरीस चार लेखी प्रश्नपत्रिका, प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षा द्यावी लागते. २०२० मध्ये अधिसूचित झालेल्या नियमानुसार प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा आरोग्ययंत्रणेत काम करणेही आवश्यक ठरले. मोठ्या शहरातल्या सुसज्ज विभागात शिकणाऱ्याला, रक्तपेढी शेजारी नसताना निर्णय कसा घेतात, हे पाहावयास मिळावे, असा त्याचा हेतू आहे.

अंदाज आणि माप

आता माझ्या आत्याकडे वळतो. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त वाहत असते. वार सुटली की तिच्या जागी उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या, गर्भाशयाचे स्नायू आवळून बंद करतात. स्नायू आवळले नाहीत, वारेचा तुकडा आत राहिला, मार्गात कोठे जखम झाली किंवा रक्त गोठेनासे झाले, तर रक्तस्राव थांबत नाही. प्रसूतीनंतर ५०० मिली किंवा त्याहून अधिक रक्त जाणे, याला वैद्यकाने दीर्घकाळ अतिरक्तस्राव म्हटले आहे. बाई आधीच पंडुरोगी असेल तर तिला याहून कमी रक्त जाणेही झेपत नाही. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत दिवसभर राबणाऱ्या किंवा घरी विड्या वळणाऱ्या बाईला हे आकड्यांवाचूनही ठाऊक आहे.

नातीने पहिल्याच महिन्यात एका प्रसूतीनंतर कागदावर लिहिले, 'रक्तस्राव सुमारे ३०० मिली.' वरिष्ठ डॉक्टरबाईंनी तो कागद पाहिला, भिजलेले कपडे आणि पॅड काट्यावर ठेवावयास सांगितले व कोरड्या कपड्यांचे वजन त्यातून वजा करविले. एक ग्रॅम म्हणजे ढोबळमानाने एक मिली. हिशेब साडेचारशेच्या पुढे गेला. बाई रागावल्या नाहीत. 'डोळा नेहमी कमीच सांगतो,' एवढेच त्या म्हणाल्या. नातीने हे मला सांगितले, तेव्हा मला गुरुजींची परत आलेली पाटी आठवली.

डोळा किती कमी सांगतो, हे ज्या अभ्यासाने दाखविले, तो आपल्याच बेळगावात झाला. जवाहरलाल नेहरू महाविद्यालयातील डॉक्टर आणि त्यांचे अमेरिकेतील सहकारी यांनी मिळून, प्रसूत होणाऱ्या बाईखाली पसरावयाची एक प्लास्टिकची चादर तयार केली. तिच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी असून तिच्यावर मापाच्या रेघा असतात. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात १२३ स्त्रियांवर तिची परीक्षा झाली आणि निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. नुसत्या नजरेने केलेला अंदाज मापापेक्षा तेहेतीस टक्क्यांनी कमी निघाला. हा अंदाज शिकलेल्या माणसांचा होता, उजेडात केलेला होता आणि रुग्णालयात केलेला होता.

हीच चादर बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत एका मोठ्या प्रयोगातही वापरली गेली. सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात १६२० स्त्रियांचा त्यात समावेश झाला. त्यांची बाळंतपणे घरी किंवा उपकेंद्रात ए.एन.एम. नर्सबाईंनी केली. निम्म्या स्त्रियांना प्रसूतीनंतर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, उरलेल्यांना तशाच दिसणाऱ्या औषधविरहित गोळ्या. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. अठरा बायकांना गोळ्या दिल्या तर त्यांतील एकीचा अतिरक्तस्राव टळतो, असा त्याचा अर्थ. 'लॅन्सेट' या नियतकालिकात २००६ साली हे संशोधन छापून आले, आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी मिसोप्रोस्टॉलचा समावेश आवश्यक औषधांच्या यादीत केला. ज्या प्रकारच्या खोलीत माझी आत्या गेली, त्याच प्रकारच्या खोल्यांमध्ये हा पुरावा गोळा झाला आहे.

मोजण्याच्या कल्पनेचा पुढचा प्रवासही सांगण्याजोगा आहे. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या चार देशांत दोन लाखांहून अधिक प्रसूतींचा एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथेही मापाच्या रेघा असलेली चादर वापरून रक्तस्राव वेळीच ओळखला गेला आणि गर्भाशयाला मसाज, आकुंचनाचे औषध, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, शिरेतून सलाइन व कारणाचा शोध, हे सर्व उपाय एकामागून एक न रेंगाळता एकदम सुरू केले गेले. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडण्याची वेळ येणे किंवा मृत्यू, या तिन्हींचे मिळून प्रमाण साठ टक्क्यांनी घटले.

हे वाचल्यावर मला आमच्या सुईणीचा चेहरा दिसू लागला. कंदिलाचा उजेड, शेणाने सारवलेली जमीन, खाली जुनी लुगडी आणि रक्त शोषून घेणारी गोधडी. ती खोटे बोलली नव्हती. तिला जेवढे दिसले तेवढे तिने सांगितले. मापाची पिशवी, गोळ्या, रक्त आणि हाकेला धावून येणारा वरिष्ठ, यांतले काहीही तिच्याजवळ नव्हते. निवासी शिक्षण म्हणजे या चारही गोष्टी एका जागी आणून, त्यांच्या साहाय्याने तरुण डॉक्टरचा अंदाज तीन वर्षे तपासत राहणे.

शिकण्याची किंमत

येथे एक अवघड गोष्ट बोलणे अगत्याचे आहे. शिकणारा हात प्रथम अडाणीच असतो, आणि तो ज्या देहावर शिकतो तो देह बहुधा गरीब बाईचा असतो. या सत्याची सर्वांत कठोर साक्ष १८४७ सालच्या व्हिएन्नात मिळते. तेथील एका प्रसूतिविभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी शिकत. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतज्वराचे मृत्यू कितीतरी अधिक होते. शवविच्छेदन करून आलेले हात न धुता विद्यार्थी बायका तपासतात, हे इग्नाझ सेमेलवाइस यांनी ओळखले व क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला. मृत्यू झपाट्याने उतरले. शिकवणारे रुग्णालय आपल्या विद्यार्थ्यांवर लक्ष ठेवणार नसेल तर ते रोग्याला घातक ठरू शकते, हा त्याचा धडा आहे.

म्हणून या शिक्षणात देखरेखीला पर्याय नाही, आणि बाईची संमती विचारण्यालाही नाही. तपासणारा डॉक्टर कोण, कितवी तपासणी आहे, ती कशासाठी, हे तिला सांगितले गेले पाहिजे. दुसरी बाब निवासी डॉक्टरांच्या झोपेची. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी योजनेत सलग काम बारा तासांपेक्षा आणि आठवड्याचे काम ४८ तासांपेक्षा सहसा अधिक असू नये, असे म्हटले होते. प्रत्यक्षात सलग छत्तीस तास काम करून आलेली नात मी घरी पाहिली आहे. ताटातला घास हातात धरून ती झोपली होती. अशा डोळ्यांनी आलेख वाचावयाचा आणि अशा हातांनी टाके घालावयाचे, याचा विचार डॉक्टरांइतकाच रोग्यांनीही केला पाहिजे. कारण त्याची किंमत दोघेही भरतात.

कानांचे शिक्षण

शेवटी माझ्या विषयाकडे येतो. बेळगावच्या वॉर्डात शिकणारे डॉक्टर देशाच्या अनेक प्रांतांतून येतात. बाई सांगते, 'अंगावर जातंय', 'बाळ फिरंना झालंय', 'पाणी गेलं', 'कळा मोडल्या'. या प्रत्येक वाक्यात एक वैद्यकीय बातमी आहे. 'बाळ फिरंना' म्हणजे पोटातील हालचाल मंदावली. हे ऐकून ठोके तपासावयास क्षणाचाही विलंब चालत नाही. 'अंगावर जाणे' पांढरेही असते आणि लालही असते. ते पुन्हा विचारून घ्यावे लागते. शेजारच्या खाटेवरची बाई हेच कन्नडमध्ये सांगत असते. 'बाळंतीण' या आपल्या शब्दाला कन्नडमध्ये 'बाणंति' म्हणतात. दोन्ही शब्द कानाला सख्ख्या बहिणींसारखे लागतात. राज्यांची सीमा कोठेही असो, खाटेवरच्या वेदनेला डॉक्टरने दोन्ही भाषांत ओळखले पाहिजे. नातीने पहिल्या वर्षी एक छोटी वही केली होती. डावीकडे बायकांचे शब्द, उजवीकडे त्यांचा वैद्यकीय अर्थ. तिच्या शोधप्रबंधाइतकेच त्या वहीचे मोल मला वाटते.

नमुना नोंदणीच्या २०१८-२० च्या आकड्यांनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे माता-मृत्यू देशात ९७, कर्नाटकात ६९ आणि महाराष्ट्रात ३३ होते. माझ्या लहानपणाच्या मानाने हा पल्ला फार मोठा आहे. तरीही या आकड्यांतील प्रत्येक एकक म्हणजे कोणाची तरी आत्या आहे, हे आपण विसरू नये.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यातील काही जण उद्या या शिक्षणाकडे वळतील. मराठी शाळेतून गेलो म्हणून कमी पडू, असे भय बाळगू नका. इंग्रजी ग्रंथ मेहनतीने वाचता येतात. बाईचे बोलणे जन्मापासून कानावर पडलेले असणे, ही तुमची जमेची बाजू आहे. तिला कन्नडची जोड अवश्य द्या. मात्र आपला डोळा चुकतो हे मान्य करावयाची सवय आजपासून लावून घ्या.

आमच्या गावची ती सुईण केव्हाच वारली. तिची क्षमा मागावयाचे माझ्याकडून राहून गेले. आज या निमित्ताने ती आपल्या सर्वांच्या साक्षीने मागतो, आणि गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून माझे बोलणे पुरे करतो.